आपापली व्यवस्था

चिठ्ठी डायरीच्या पानावर चिकटवलेली होती. डिंक जास्त झाला होता, कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. सोमवारपासून शिक्षकांचा बेमुदत संप आहे, शाळा उघडणार नाही, तरी पालकांनी आपापली व्यवस्था करावी. खाली मुख्याध्यापकांची सही, तीसुद्धा छापील. मी उभ्या उभ्या वाचलं आणि कानामागे काहीतरी तापलं. संपामुळे नाही. संप मी पुष्कळ पाहिलेत. तापलं ते शेवटच्या तीन शब्दांमुळे, कारण ते शब्द माझे होते. गेली अकरा वर्षं मी बसडेपोत ड्यूट्या लावतो. दोनशे चाळीस ड्रायव्हर, तेवढेच कंडक्टर. उद्याचा चार्ट रोज संध्याकाळी पाचला बाहेरच्या फळ्यावर लागतो, माणसं येतात, बोट फिरवत आपलं नाव शोधतात आणि मुकाट घरी जातात. मी कोणाला विचारत नाही. चार्ट विचारायचा नसतो, लावायचा असतो. रजेचे अर्जही माझ्याकडेच येतात. ते नाकारताना तेच ते लिहून बोटं आखडायला लागली तेव्हा मी एक रबरी शिक्का करून घेतला: रजा नामंजूर, आपापली व्यवस्था करावी. जांभळ्या शाईचा. तो उमटताना मऊ, चिकट आवाज होतो, आणि खरं सांगायचं तर तो आवाज मला आवडतो. अकरा वर्षांत माझ्या चार्टातला एक चौकोन कोरा गेला नाही. माणूस नाही म्हणून गाडी उभी राहिली असं एकदाही झालं नाही. आयुष्यात मला एवढंच नीट जमलं. आता कोणीतरी माझाच शिक्का माझ्या पोरीच्या डायरीत मारून पाठवला होता.

पोरगी दारात उभी होती. आठ वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात, पण तिचा खेळ मात्र एकच, शाळा-शाळा. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधल्या दारात फूटपट्टी घेऊन उभं राहायचं. खोलीकडे तोंड करून म्हणायचं, “तिसरी, पाच ओळी काढा,” आणि गर्रकन वळून स्वयंपाकघराला दम भरायचा, “चौथी, आवाज नको.” चौथीत कुकर, दोन डबे आणि तिची आई. हातात गरम कप घेऊन मी आतबाहेर करायचो आणि दर वेळी हटकायचो, अगं, बाजूला हो, दारात काय उभी राहतेस. दर वेळी तेच उत्तर, “बाबा, वर्ग चालू आहे.” दारात कसला वर्ग भरतो हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. पोरांचे खेळ, त्यांना काय शेंडा नि बुडखा.

चौथीतली तिची आई ओट्याशी पुस्तक वाचत होती. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं, पानावर उलथन्याचं वजन. ती इस्पितळात आहे. ऑपरेशनची हत्यारं आणि कपडे वाफेवर निर्जंतुक करतात त्या तळघरातल्या खोलीत चौदा वर्षं. गाठोडं बांधायचं, वर एक पट्टी लावायची. वाफ थेट आतपर्यंत पोचली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. नाही झाल्या तर गाठोडं परत आत. त्या खोलीची मुख्य व्हायला खात्याची परीक्षा द्यावी लागते, आणि ती परीक्षा पुढच्या बुधवारी अकरा वाजता होती, पाण्याच्या टाकीपलीकडच्या इमारतीत. याआधीची सहा वर्षांपूर्वी झाली होती. त्या दिवशी भिंगरीला ताप होता, म्हणून ही गेली नाही. तेव्हा मी का थांबलो नाही असं तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझा चार्ट होता. पुढची परीक्षा कधी हे खात्यालाही माहीत नाही. तोपर्यंत तिच्या हाताखाली शिकलेली पोरं तिच्या डोक्यावर बसलेली असतील. चार महिने ती भाकरी उलटता उलटता वाफेचे दाब पाठ करत होती.

“संप आहे,” मी म्हणालो.

“वाचलं.”

“मग?”

“मग काय? तुम्ही दोनशे चाळीस माणसं बसवता. एक पोरगी बसवा.” पान उलटून ती पुढे वाचायला लागली.

ती हे हसून म्हणाली होती, पण मी कामाला लागलो. आधी शनिवारी शाळेत गेलो, भांडायला. शाळा अर्ध्या दिवसाने सुटली होती, पटांगणात दोन मास्तर फळकुटांना कागद ठोकत बसले होते. तिसरीच्या बाई वर्गात एकट्याच होत्या. आणि तिथे मी ते दार पाहिलं. दोन वर्गांच्या मधलं, कवाडं काढून ठेवलेलं, उंबऱ्याजवळची फरशी घासून गुळगुळीत झालेली. एका बाजूला तिसरी, दुसऱ्या बाजूला चौथी, आणि मधे उंबऱ्यावर खडूच्या भुकटीत चपलांचे ठसे, एक जोडी इकडे तोंड केलेली, एक तिकडे. तयारी करून आणलेलं पहिलं वाक्य मी गाळलं. तरी दुसरं बोललो.

“बाई, तुमचं ठीक आहे. पोरांचं काय?”

“तुम्ही भिंगरीचे वडील ना? तिला चौथीचे पाढे येतात. मी शिकवले नाहीत. पलीकडचं ऐकून आले. आणि चौथीच्या पोरांना तिसरीचंच येतं, तेही पलीकडचं ऐकूनच. तुम्ही बघा आता, फायदा झाला की तोटा.”

“चौथीला बदली मास्तर मागायचा.”

“मागते ना. दर महिन्याला मागते.”

“मग रजा टाकायची. आपोआप बदली देतात.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तापट बाई नव्हत्या. थकलेला माणूस दुसऱ्याच्या अडाणीपणाकडे बघतो तसं बघत होत्या. “मी रजेवर गेले तर पाऊणशे पोरं कोणाकडे? तुम्हीच म्हणालात आत्ता, पोरांचं काय.” मग फळा पुसायला वळल्या. मी बाहेर पडलो तेव्हा मला प्रचंड राग आला होता, आणि तो कोणाचा ते ठरत नव्हतं. भांडायला जावं आणि समोरच्याने भांडणच देऊ नये यासारखा अपमान नाही. रस्त्याने जाताना मला माझे मास्तर आठवले. माझी आई लवकर गेली, बाप सूतगिरणीत दुसऱ्या पाळीला. शाळा पाचला सुटायची, बापाची पाळी आठला. ते तीन तास मी शाळेच्या पायरीवर काढायचो. आणि मास्तर, ते घरी जायचेच नाहीत. वह्या तपासायच्या आहेत म्हणायचे. रोज कुठून येत होत्या एवढ्या वह्या? मला तेव्हा वाटायचं मास्तरांना घर नसेल. चाळिशीत येईपर्यंत मला ते तसंच वाटत होतं, इतका मी हुशार. बाप आला की मास्तर छत्री उचलायचे आणि निघायचे. बाप कधी त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याचं आठवत नाही. त्याच्या हिशेबी ती मास्तरांची ड्यूटी होती. आपण फुकट घेतो त्याला ड्यूटी म्हणायची आपल्याला खोड आहे.

रविवारी मी चार्ट केला. आमच्या इमारतीत भिंगरीच्या शाळेतली आणखी तीन घरं. तळमजल्यावरचा शिंपी, त्याच्या जुळ्या मुली. दुसऱ्या मजल्यावरची औषधाच्या दुकानात काम करणारी बाई, तिची दोन. आमच्या समोरचा आगबंबवाला, त्याची दोन. आमची धरून सात पोरं. मी पट्टीने रेघा मारल्या, आडवे वार, उभी घरं, लाल शाईने साप्ताहिक सुट्ट्या. औषधवालीची सुट्टी मंगळवारी, आगबंबवाल्याची गुरुवारी, शिंपी घरीच शिवतो म्हणून त्याला सोमवार आणि शुक्रवार. शनिवारची अर्धी शाळा धरली नाही. उरला बुधवार, तो आमचा. एकही चौकोन कोरा नाही. संध्याकाळी सगळे शिंप्याच्या खोलीत जमलो, कापडाच्या तुकड्यांवर जागा करून बसलो, आणि मी चार्ट भिंतीला टाचणीने लावला. ते उठून बोट फिरवायला लागले. डेपोतल्यासारखं. मला बरं वाटलं.

“घरी शिवतो म्हणजे मी रिकामा असतो असं का वाटतं सगळ्यांना?” शिंपी म्हणाला. “मशीन काय आपोआप चालतं?”

“दोन दिवस द्या हो. तुमच्याच दोन आहेत,” औषधवाली म्हणाली.

“देतो. पण चार्टसाहेब, एक विचारू? या कागदावर सगळ्या इमारतीची नावं आहेत. तुमचं कुठंय?”

“बुधवारी आहे ना आमचं घर.”

“घर आहे. नाव वहिनींचं आहे.”

आगबंबवाला हसला. “अरे, पंगतीत वाढप्याचं पान नसतं.”

मी खरंच पाहिलं तेव्हा. बुधवारच्या चौकोनात माझ्या हस्ताक्षरात बायकोचं नाव होतं, नीट, ठळक. मी ते कधी लिहिलं मला आठवेना. अकरा वर्षं चार्ट करतोय, त्यात माझं नाव एकदाही आलेलं नाही. चार्ट करणारा चार्टात नसतो. उंटावर बसलेल्याला शेळ्यांत कोण मोजतो? पण बुधवार. कॅलेंडरवर तिने त्या तारखेला गोल केला होता, मी रोज त्याच्यासमोर दाढी करत होतो. ती माझ्या मागेच उभी होती. पुढे झाली, टाचणी काढली, चार्ट माझ्या हातात दिला आणि जिना चढून गेली. घरी गेल्यावर म्हणाली, “मी बुधवारी साडेनऊला बाहेर पडणार. यावेळी ताप आला तरी, संप झाला तरी, तुम्ही पडलात तरी.” आवाज चढवला नाही. कपडे घड्या करत होती, कडेला कड जुळवून, ऑपरेशनला पाठवायचे असल्यासारखे. मी म्हणालो, बघतो काहीतरी. ती म्हणाली, “काहीतरी नको. तुम्ही थांबा.”

म्हणजे रजा. सोमवारी मी मॅनेजरकडे अर्ज नेला. त्याने चष्मा वर केला, “तुमचा? तुम्हाला पण पोरं आहेत होय?” आणि वर लिहिलं, संबंधिताने पाहावे. संबंधित मी. मंगळवारी दुपारी अर्ज शिपायाच्या हातून माझ्याच टेबलावर, माझ्याच ट्रेमध्ये येऊन पडला. त्या ट्रेमध्ये बुधवारसाठीचे आणखी अकरा अर्ज होते, सगळ्यांत कारण एकच, शाळा बंद. सोमवारसाठीचे असेच नऊ नाकारले होते, मंगळवारसाठीचे दहा. खिडकीशी एक कंडक्टरबाई उभी होती, खांद्याला तिकिटांची पिशवी, तिचा अर्ज ढिगात तिसरा. “साहेब, दोन दिवस पोरीला कुलूप लावून येतेय,” ती म्हणाली. “पाच वर्षांची आहे. शेजारीण गजांतून डबा देते. काल पोरगी शेजारणीला म्हणाली, आपण दुकान-दुकान खेळतोय का?” मी मान खाली घालून शिक्का मारत होतो. ऐकायचं नाही, मारायचं. मऊ, चिकट आवाज. तिसरा, चौथा, सातवा. हाताला लय लागली की डोकं लागत नाही, हा शिक्क्याचा फायदा. बाराव्यानंतर मी शाईच्या डबीचं झाकण लावलं.

“साहेब,” खिडकीतून ती म्हणाली. कंडक्टर लोकांना उलटं वाचता येतं. “तो शेवटचा तुमचाच दिसतोय.”

माझाच होता. माझ्या सहीवर जांभळं ओलं अक्षर चमकत होतं, रजा नामंजूर, आपापली व्यवस्था करावी. तिने हसावं असं मला वाटलं. हसली असती तर मी तिला झापलं असतं आणि विषय संपला असता. ती हसली नाही. मी खिशातून रुमाल काढून ते पुसायला गेलो, ते पसरलं, माझं नाव जांभळं झालं. मग मी बसून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही, पण चार्टची वेळ होत आली होती. त्या वेळात मला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त उंबऱ्यावरचे ते चपलांचे ठसे. आणि मग मी सगळे बारा अर्ज एकेक करून मंजूर केले, हाताने, पेनने. बोटं आखडली. शौर्य वगैरे नव्हतं. स्वतःचा एकच मंजूर केला असता तर उद्या फळ्यासमोर लोकांनी माझ्या नावाने शिमगा केला असता. मला एकट्याने सुटायचं धैर्य नव्हतं, एवढंच.

अकरा माणसं गेली. स्पेअरची राखीव माणसं लावूनही सहा गाड्या उभ्या राहणार होत्या. आता कुठल्या सहा, ते मला ठरवायचं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोरे चौकोन ठेवायचे होते आणि घड्याळात पावणेपाच. मी तक्रारवही ओढली. ज्या गाड्यांबद्दल बोंब होते त्यांना हात लावायचा नाही, हे साधं शहाणपण. ऑफिसवाल्यांच्या गाड्या तर नाहीतच, दहा मिनिटं उशीर झाला की ते दोन पानं लिहितात. ज्यांचं नाव वहीत कधीच येत नाही अशा गाड्या शोधल्या. झाडूपोछावाल्या, आया, खानावळीत भांडी घासणाऱ्या बाया ज्यांनी जातात त्या. त्या तक्रार करत नाहीत. गाडी आली नाही तर चालत जातात. सहा चौकोन कोरे सोडले, गुरुवारचा सकाळीच केलेला चार्ट शिपायाकडे दिला, पाच वाजता फळ्यावर कागद लावला आणि मागच्या दाराने निघालो. घरी तिला म्हणालो, “रजा मिळाली.” ती एवढंच म्हणाली, “बरं झालं,” पण ताटात वाढताना मला दोनदा विचारलं, आणखी हवं का.

बुधवारी नऊ वाजता सातही पोरं आमच्याकडे. ही तयार झाली. तिच्या खोलीतल्या बायकांनी पेनांचं एक छोटं गाठोडं करून दिलं होतं, खरोखर वाफेतून काढलेलं, वर पट्टी, पट्टीवर काळ्या रेघा. निर्जंतुक आहेत, चुका चिकटणार नाहीत, म्हणाल्या होत्या. ते तिने पर्समध्ये ठेवलं, फोन टेबलावर ठेवला, आत नेऊ देत नाहीत म्हणून. “आगबंबवाल्यांच्या धाकट्यावर लक्ष ठेवा, तो गॅसकडे जातो,” म्हणाली आणि साडेनऊला उतरली. इस्पितळ आमच्या मागच्या गल्लीत, चौदा वर्षं ती कामावर चालत गेलेली. मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे थांब्यावर उभी राहिली. तिथे आणखी तीन बायका होत्या, हातात पिशव्या. ती त्यांच्याशी काही बोलली. मग सगळ्या एकाच बाजूला माना करून रस्त्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून निवांत उभा होतो. तिला कुठली गाडी लागणार, असं सहज मनात आलं. पाण्याच्या टाकीकडे जाते ती एकच. नऊ चाळीसची.

चौथा कोरा चौकोन. त्या रेषेवर पट्टी ठेवून मीच सोडला होता, वहीत कधी नाव येत नाही म्हणून. ती गाडी डेपोत तिसऱ्या रांगेत उभी होती, मला तिचा नंबरसुद्धा दिसत होता. पुढची साडेअकराला. थांब्यावर ती घड्याळ बघून मान लांब करत होती, शांतपणे, कारण तिचा नवरा ड्यूट्या लावतो आणि त्याच्या गाड्या चुकत नाहीत. मी ओरडलो. खाली ट्रक, मोटारी, कोणाला काय ऐकू जाणार. दाराकडे धावलो, एक पाय बाहेर टाकला, आणि मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. धाकटा ओट्याशी. त्याला उचलून आणला, पुन्हा दाराशी गेलो, पुन्हा आत काहीतरी पडलं. टेबलावर माझा फोन वाजायला लागला, मॅनेजर. नऊ पंचेचाळीस. टाकीकडे रिक्षा जात नाही, चालत जायला सव्वा तास, तेही आत्ता निघाली तर. मी उंबऱ्यावर उभा होतो, एक पाय जिन्यात, एक घरात, आणि दोन्हीकडे उपयोग शून्य.

भिंगरी माझ्याकडे बघत होती, हातात फूटपट्टी. “काय झालं?”

“आईची गाडी येणार नाही. तिला ऐकू जात नाहीये.”

ती गर्रकन वळली. “तिसरी, खिडकीत. चौथी, तिच्या मागे. माझ्याबरोबर म्हणायचं.” फूटपट्टी आपटली. आणि सात पोरं एका सुरात, पाढे म्हणतात तशी, प्रत्येक शब्द तोडत ओरडली, गाडी येणार नाही, गाडी येणार नाही, गाडी येणार नाही. चौथ्यांदा थांब्यावरून तिच्या आईने वर पाहिलं. दोन्ही हात उलटे करून विचारलं, कोण म्हणतं? पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी हात वर केला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

तिला कळलं. एवढ्या लांबून तिचा चेहरा मला दिसला नाही, आणि ते माझं नशीब. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग त्या तिघींना काहीतरी सांगितलं. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही, पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या आणि चालायला लागल्या, जणू हे रोजचंच. ही त्यांच्या पुढे, पर्स छातीशी धरून, जवळजवळ धावत. वळली नाही. पोचेल, मी स्वतःला सांगितलं. या चालीने पोचेल. घामेजून, पाय दुखत, सगळे बसल्यावर, पण पोचेल. वळणावर ती दिसेनाशी झाली तरी मी बघत होतो.

“बाबा, बाजूला हो. वर्ग चालू आहे,” भिंगरी म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहिलं, काय वाटलं कोण जाणे, फूटपट्टी माझ्या हातात दिली. “आज बाई नाहीत. बदली तू.” पोरांची तिने वाटणी केली. चार खोलीत, तीन स्वयंपाकघरात, आणि मला मधल्या दारात उभं केलं. फोन पुन्हा वाजत होता. मी खोलीकडे तोंड करून पाच ओळी काढा म्हणालो, तर पाठीमागे चौथी हसली. तिकडे वळलो, तर तिसरीत भांडण. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. दहा मिनिटांत मान दुखायला लागली. किती वर्षं उभ्या आहात, हे शनिवारी मी बाईंना विचारलं नव्हतं.